एक घाणा कॉफीचा!

खरं सांगा, तुमच्यासाठी कॉफी म्हणजे काय? आमच्या घरी कॉफी म्हणजे भरपूर साखर घालून फेटलेली, दुधात बुडालेली इन्स्टंट. त्यामुळे पुण्यातल्याच एका छोट्या रोस्टरकडून पाव किलो बीन्स आणायला मी ५५० रुपये मोजले, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, ‘‘सोन्याच्या आहेत का गं?’’

उत्साहात दुसऱ्याच दिवशी पाकीट फोडलं, मिक्सर फिरवला आणि पूड चहासारखी खळखळ उकळली. कडूजहर!

पुढच्या शनिवारी उरलेलं पाकीट घेऊन थेट भांडायलाच गेले. मशिन चालू होतं. एका घाण्याला जेमतेम पाच किलो बिया, चिकमगळूरच्या. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनहून सात बिया आणल्या त्या याच भागात, अशी आख्यायिका. पारा २०० अंशांच्या आसपास गेला आणि आतून तडतड सुरू झाली.

‘‘हा फर्स्ट क्रॅक,’’ रोस्टर म्हणाला. ‘‘इथून पुढे अर्धा मिनिट इकडेतिकडे झालं तरी चव बदलते.’’ मग त्याने माझं पाकीट उलटं करून भाजल्याची तारीख दाखवली. ‘‘मॅडम, घाई केलीत. ताज्या बीन्समधून काही दिवस कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. आठवडाभर थांबायचं, मग महिन्याभरात संपवायचं. लागेल तेवढंच दळा. आणि प्लीज, उकळू नका!’’

घरी परत प्रयोग. १५ ग्रॅम पूड, जाड रव्यासारखी. पाण्याला उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून २५० मिली ओतलं, चार मिनिटांनी गाळलं. आधी चॉकलेट, मागून संत्र्यासारखा हलकासा आंबटपणा. साखर घालायचं सुचलंच नाही!

आईने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सरळ दूध ओतलं. मग म्हणाली, ‘‘भाजणी ताजी असली की चकली वेगळीच लागते ना, तसंच आहे हे.’’

हिशोब? कपाला साधारण ३५ रुपये. दूध-साखरेत उकळूनच प्यायची असेल, तर हा खर्च वाया. पण दोन मिनिटं दळायची तयारी असेल, तर जरूर ट्राय करा. फक्त दुकानात गेल्यावर ब्रॅण्ड नंतर बघा, आधी पाकीट उलटं करा आणि भाजल्याची तारीख वाचा!