गोल टाकी, खूश बांगडा!

वीकेंडला तुम्ही काय करता? मॉल, मल्टिप्लेक्स, लाँग ड्राइव्ह? मी पहाटे पाचला उठून कयाकच्या पाठीवर पाण्याची टाकी बांधतो. हसू नका!

नोकरीपायी सॅन डिएगोला आलो आणि ला होयाच्या किनाऱ्यावर कयाकमधून मासे गरवायचं वेड लागलं. इथला हीरो यलोटेल. या साहेबांना बांगडा लागतो, तोही जिवंत. पॅसिफिक मॅकरेल, म्हणजे आपल्या बांगड्याचा लांबचा भाऊ. तो आधी बारीक गळांच्या माळेवर पकडायचा आणि मग यलोटेलपर्यंत जिवंत न्यायचा. खरी गोम इथेच.

तयार टाकी महाग. म्हटलं, आपण इंजिनिअर, घरीच बनवू! चाळीस लिटरचा चौकोनी आइसबॉक्स आणि त्यात फिशटँकचा एअर पंप. फंडा एकदम क्लिअर! तासाभरात सहापैकी पाच बांगडे आडवे. कोपऱ्यांवर नाक आपटून तोंडं लाल झालेली. बघवेना.

त्यात परतताना टाकी रिकामी करायची राहिली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पाठीमागे चाळीस किलो, तेही डचमळणारं! किनाऱ्याजवळ मागून लाट आली, टाकीतलं पाणी एका बाजूला धावलं आणि कयाक उलटी. अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून हे लिहितोय. रॉड समुद्राला अर्पण.

रात्री मालवणला बाबांना फोन लावला. उलटल्याचं अर्थातच सांगितलं नाही. बांगड्यांचं ऐकून ते हसले, "अरे, बांगडो थांबलो काय मेलो!"

खरंच की. बांगडा तोंड उघडं ठेवून सतत पोहतो, तेव्हाच त्याच्या कल्ल्यांतून पुरेसं पाणी वाहतं. कोपऱ्यात अडकला की श्वासच अडकला. नुसते बुडबुडे सोडून काय होणार?

मग टाकी नंबर दोन. झाकणाचा गोल प्लॅस्टिक डबा, पाणी फक्त वीस लिटर. कयाकच्या डेकला पाणी निघून जायला आरपार भोकं असतात. त्यातल्या एकात ताशी 500 गॅलनचा, म्हणजे सुमारे 1900 लिटरचा, छोटा बिल्ज पंप बसवला. पाणी आत आणणारा पाइप भिंतीलगत तिरका लावला, त्यामुळे टाकीत गोल प्रवाह फिरतो आणि बांगडे त्याविरुद्ध पोहत राहतात. बाहेर जाणारा पाइप मात्र जाड हवा. आत पंप ढकलतो, बाहेर पाणी आपलं आपण उतरतं. हे विसरलात तर पाठीवर कारंजं! पंप साधारण दोन अँपिअर खातो. 7 अँपिअर-अवरची बॅटरी तीन तासांत दमली, म्हणून 12ची घेतली. आणि खाऱ्या पाण्याशी गाठ आहे, फ्यूज लावाच.

परवाच्या शनिवारी आठ बांगडे भरून निघालो. किनाऱ्यासमोरचा पट्टा 2012पासून राखीव आहे, तिथे मासेमारीला बंदी. तो ओलांडून केल्पच्या जंगलापाशी गेलो. चार तासांनी झाकण उघडलं, तर आठही जण ठणठणीत, गोल गोल फिरतायत!

यलोटेल? फिरकलाही नाही. टाकी समुद्रातच रिकामी केली, बांगडे तेवढे पिशवीत घेतले. संध्याकाळी बायकोने तिखलं केलं, झकास! तेवढ्यात बाबांचा फोन.

"मग, तो मोठो मासो?"

"बाबा, आवाज येत नाहीये… नेटवर्क जातंय…"