रहस्यपट महोत्सवांच्या परीक्षक मंडळातील अभिनेते : अधिकार आणि मर्यादा

प्रास्ताविक

चित्रपट महोत्सवाचा निकाल जाहीर झाला की विजेत्या चित्रपटाची चर्चा होते. तो निवडणाऱ्या परीक्षकांचा विचार मात्र क्वचितच केला जातो. परीक्षकांमध्ये एखादा नामवंत अभिनेता वा अभिनेत्री असली तर दोन परस्परविरोधी समज ऐकू येतात. पहिला असा की, त्यांना केवळ शोभेसाठी आणि प्रसिद्धीसाठी बोलावलेले असते. दुसरा असा की, ज्याने इतकी वर्षे पडदा गाजवला त्याला चित्रपट कळणारच. हे दोन्ही समज तपासून घेण्याजोगे आहेत. रहस्यपट आणि गुन्हेपट यांना वाहिलेल्या महोत्सवांत तर हा प्रश्न अधिक टोकदार होतो. कारण या चित्रप्रकाराचा प्राण रचनेत, म्हणजे पटकथा आणि संकलन यांत आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अशा ठिकाणी अभिनेत्याचे काय काम, हा प्रश्न स्वाभाविक आहे. प्रस्तुत लेखात फ्रान्समधील एका महोत्सवाच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

महोत्सवाची पार्श्वभूमी

गुन्हेकथेला प्रतिष्ठा देण्याची परंपरा फ्रान्समध्ये जुनी आहे. मार्सेल द्यूआमेल यांच्या संपादनाखाली गालिमार या प्रकाशनसंस्थेची ‘सेरी न्वार’ ही गुन्हेकादंबऱ्यांची माला १९४५ मध्ये सुरू झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकी गुन्हेपटांसाठी ‘फिल्म न्वार’ ही संज्ञा फ्रेंच समीक्षेत वापरली गेली आणि ती जगभर रूढ झाली. या परंपरेतूनच १९८२ मध्ये कोन्याक या गावी गुन्हेपटांचा स्वतंत्र महोत्सव सुरू झाला. तो तेथे २००७ पर्यंत चालला. २००९ पासून तो बोन येथे भरू लागला आणि २०२१ पासून रँस येथे ‘रँस पोलार’ या नावाने भरतो. ‘पोलार’ हा गुन्हेकथेसाठीचा बोलीभाषेतील फ्रेंच शब्द होय. कोन्याक ब्रँडीसाठी, बोन बर्गंडीच्या वाइनसाठी आणि रँस शँपेनसाठी प्रसिद्ध आहे, हा योगायोगही येथे नोंदवण्यासारखा आहे.

या महोत्सवाचे एक वैशिष्ट्य म्हणजे त्यातील परीक्षणाची विभागणी. मुख्य परीक्षक मंडळात दिग्दर्शक, अभिनेते, लेखक अशा चित्रपट आणि कला क्षेत्रांतील व्यक्ती असतात. त्याशिवाय समीक्षकांचा पुरस्कार वेगळा असतो. आणखी एक पुरस्कार थेट पोलीस अधिकाऱ्यांचे मंडळ देत आले आहे. एकच चित्रपट कलावंत पाहतो, समीक्षक पाहतो आणि प्रत्यक्ष तपासाचे काम करणारा अधिकारीही पाहतो. तिघांचे प्रश्न निराळे असतात. तपासाची रीत खरी वाटते का, हे पोलीस अधिकारी सांगू शकतो. चित्रप्रकाराच्या इतिहासात या कृतीचे स्थान कोणते, हे समीक्षक सांगू शकतो. मग अभिनेता नेमके काय सांगू शकतो?

अभिनेत्याचे विशेष ज्ञान

रहस्यपटात अभिनेत्यापुढे एक विलक्षण पेच असतो. आपल्या पात्राचे गुपित त्याला पहिल्या दृश्यापासून ठाऊक असते. प्रेक्षकाला मात्र ते शेवटीच कळायचे असते. म्हणून त्याचा अभिनय दोन वेळा तपासला जातो. पहिल्यांदा पाहताना गुपित फुटता कामा नये आणि दुसऱ्यांदा पाहताना तोच अभिनय खोटा वाटता कामा नये. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. न्यायालयात उभी असलेली स्त्री नायकाची पत्नी आहे की तिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणी, हा तेथील पेच. अभिनेत्रीने एका बाजूचा झुकाव थोडा जरी अधिक दाखवला असता तरी रहस्य तेथेच संपले असते. पूर्णपणे कोरा चेहरा ठेवला असता, तर उलगडा झाल्यावर प्रेक्षकाला फसवणूक वाटली असती. या दोहोंमधील अरुंद वाटेवरून चालणे म्हणजे रहस्यपटातील अभिनय होय.

पटकथेने प्रेक्षकाला न्याय्य रीतीने चकवले आहे की केवळ माहिती दडवून फसवले आहे, याचा पुरावा पुष्कळदा संवादात नसतो, तर चेहऱ्यात, विरामात आणि नजरेत असतो. तो वाचण्याचा सराव अभिनेत्याला व्यवसायानेच झालेला असतो.

बोन येथील २०१६ च्या महोत्सवात सांद्रीन बोनेर या अभिनेत्री मुख्य परीक्षक मंडळाच्या अध्यक्ष होत्या. क्लोद शाब्रोल यांच्या ‘ला सेरेमोनी’ (१९९५) या गुन्हेपटात त्यांनी आपली निरक्षरता जिवाच्या आकांताने लपवणाऱ्या मोलकरणीची भूमिका केली होती. रूथ रेंडेल यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटासाठी व्हेनिस महोत्सवात बोनेर आणि इझाबेल उपेर या दोघींना अभिनयाचा पुरस्कार विभागून मिळाला. त्या वर्षी बोनचा सर्वोच्च पुरस्कार ‘मॅन ऑन हाय हील्स’ या कोरियन चित्रपटास मिळाला. त्यातील कणखर पोलीस अधिकारी स्वतःमधील स्त्रीत्व जगापासून लपवत असतो. परीक्षकांची चर्चा गुप्त असल्याने एका गोष्टीतून दुसरी घडली असा निष्कर्ष काढणे योग्य ठरणार नाही. तथापि, लपवणे हाच ज्या चित्रपटाचा विषय आहे तो जोखण्यासाठी लपवण्याचा अभिनय केलेली व्यक्ती अध्यक्षपदी असणे औचित्यपूर्ण होते, असे निश्चित म्हणता येईल.

याच महोत्सवात, तो कोन्याकला भरत असताना, २००४ मध्ये बाँग जून-हो यांच्या ‘मेमरीज ऑफ मर्डर’ (२००३) या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला होता. कोरियातील एका प्रत्यक्ष हत्यासत्रावर आधारलेल्या या चित्रपटात खुनी सापडत नाही. अखेरीस सोंग कांग-हो यांनी साकारलेला माजी पोलीस अधिकारी थेट कॅमेऱ्यात पाहतो आणि चित्रपट संपतो. रचनेच्या दृष्टीने हा उलगडा नसलेला शेवट होय. तो तोलून धरला आहे तो केवळ एका चेहऱ्याने. प्रत्यक्षातील गुन्हेगाराची ओळख २०१९ मध्ये पटली. पण त्यामुळे त्या अखेरच्या नजरेचे मोल कमी झालेले नाही.

कान येथील एक उदाहरण

कान महोत्सव हा रहस्यपटांचा महोत्सव नव्हे. परंतु अभिनेत्यांचे बहुमत असलेले मंडळ या चित्रप्रकाराकडे कसे पाहते, हे समजून घेण्यासाठी तेथील २०२२ चा निकाल उपयुक्त आहे. त्या वर्षी व्हँसाँ लँदाँ या अभिनेत्याच्या अध्यक्षतेखालील ९ जणांच्या मंडळात रिबेका हॉल, दीपिका पदुकोण, नूमी रापास आणि यास्मिने त्रिंका अशा एकूण ५ जणांची मुख्य ओळख अभिनयाची होती. सर्वोच्च पुरस्कार ‘ट्रँगल ऑफ सॅडनेस’ या उपहासपटास मिळाला. मात्र दिग्दर्शनाचा पुरस्कार ‘डिसिजन टू लीव्ह’ या तपासकथेसाठी पार्क चान-वूक यांना, अभिनेत्रीचा पुरस्कार हत्यासत्रावरील ‘होली स्पायडर’साठी झार अमीर इब्राहिमी यांना आणि पटकथेचा पुरस्कार ‘बॉय फ्रॉम हेवन’ या कैरोतील कारस्थानकथेस मिळाला. म्हणजे अभिनेत्यांनी केवळ अभिनयच पाहिला असे दिसत नाही. रचना आणि दिग्दर्शन यांचाही त्यांनी सन्मान केला. ‘शोभेचे परीक्षक’ हा समज येथे टिकत नाही.

मर्यादा

तथापि, दुसरा समजही तितकाच तपासला पाहिजे. पहिली मर्यादा व्यावसायिक संबंधांची आहे. चित्रपटसृष्टी लहान असते आणि अभिनेता अनेकांबरोबर काम करतो. २००९ मध्ये कान येथे इझाबेल उपेर यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने, ज्यात शर्मिला टागोर याही होत्या, मिखाएल हानेके यांच्या ‘द व्हाइट रिबन’ला सर्वोच्च पुरस्कार दिला. उपेर यांनी हानेके यांच्या ‘द पियानो टीचर’ (२००१) मध्ये भूमिका केली होती आणि त्यासाठी त्यांना कान येथेच पुरस्कार मिळाला होता. नियमभंग कोणताही झाला नव्हता आणि चित्रपटाची गुणवत्ताही वादातीत मानली गेली. तरीही हा संबंध चर्चेचा विषय झाला. परीक्षण निःपक्षपाती असणे पुरेसे नसते, ते तसे दिसावेही लागते.

दुसरी मर्यादा दृष्टीची आहे. स्वतःच्या कलेकडे लक्ष अधिक जाणे हे प्रत्येक तज्ज्ञाच्या बाबतीत घडते. एखाद्या प्रभावी भूमिकेमुळे कथानकातील उघड छिद्र दुर्लक्षित राहू शकते. तिसरी मर्यादा प्रसिद्धीची आहे. नामवंत चेहऱ्याचे मत मंडळात नकळत जड ठरू शकते आणि कमी परिचित सदस्य गप्प राहू शकतो.

या मर्यादांवरचा उपाय अभिनेत्यांना वगळणे हा नव्हे. बोन आणि रँस येथे दिसणारी स्वतंत्र मंडळांची व्यवस्था हा अधिक समंजस उपाय वाटतो. प्रत्येकाच्या ज्ञानाला त्याचा प्रश्न नेमून दिला की कोणाच्याही मर्यादेचा भार संपूर्ण निकालावर पडत नाही.

समारोप

हे विवेचन केवळ परदेशातील महोत्सवांपुरते नाही. आपल्या महाविद्यालयांतून एकांकिका, लघुपट आणि वक्तृत्व यांच्या स्पर्धा दरवर्षी होतात. परीक्षक म्हणून कोणाला बोलवावे, हे आपणच ठरवत असतो आणि कित्येकदा आपण स्वतःच त्या खुर्चीत बसतो. तेथे ‘नाव मोठे आहे’ किंवा ‘गर्दी होईल’ एवढ्यावर निवड होते तेव्हा महिनाभर तालीम केलेल्या विद्यार्थ्याला निकाल मिळतो, पण त्यामागचे कारण मिळत नाही. परीक्षकाचा अधिकार त्याच्या कीर्तीतून येत नाही, तर इतरांना न सुचणारा प्रश्न विचारण्याच्या क्षमतेतून येतो. रहस्यपटाच्या बाबतीत अभिनेत्याजवळ असा एक प्रश्न आहे : हा चेहरा दुसऱ्यांदा पाहिला तरी खरा वाटतो का? तो प्रश्न जोवर तो विचारतो, तोवर परीक्षक मंडळातील त्याचे स्थान सार्थ आहे, असे म्हणावे लागेल.