उजव्या पायाला गिअर

परवा सोसायटीतल्या एकीनं जिन्यात अडवून विचारलं, "तुम्ही म्हणे बुलेटवरून अलिबागला गेलात? एकट्या?"

एकटी नव्हते हो, मागे नणंद होती. आणि अलिबागलाही नाही, त्याच्या पुढे फणसाडच्या डोंगरात. पण त्याआधी गाडीविषयी सांगायला हवं.

बुलेट ह्यांची. लग्नानंतर दोन वर्षांनी घेतलेली, जुन्या धाटणीची. म्हणजे गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला आणि सुरू करायला नुसती किक. तिच्यावर मी पंचवीस वर्षं मागे, पाय एका बाजूला सोडून बसले. कोकणातला रस्ता मला विचाराल तर डाव्या अंगाचा सगळा पाठ आहे. समोरचा मात्र ह्यांच्या पाठीमुळे कधी दिसला नाही. गेल्या वर्षी ह्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी दुचाकी बंद केली आणि गाडी खाली आच्छादनात उभी राहिली. शेवटी एक गिऱ्हाईक ठरलं. "सोमवारी येतोय बघायला," हे म्हणाले आणि पेपर वाचायला लागले. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ उलटलं नाही.

मी स्कूटर बरीच वर्षं चालवते, गिअरवाल्या गाडीचं लायसन्सही कॉलेजपासूनचं. गाडी उभ्या उभ्या बिघडू नये म्हणून अधूनमधून मीच किक मारायची, अंगणात दोन चकरा घ्यायची. त्या रात्री म्हटलं, "शनिवारी नेऊ का? फणसाडला?" फणसाडला जायचं हे आमचं दर वर्षीचं पुढच्या वर्षीचं होतं. ह्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. "पेट्रोलचा कॉक बंद करायला विसरू नकोस" एवढंच बोलले.

नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, "वहिनी, मला चालवता येत नाही, पण ओरडता चांगलं येतं. येते मी."

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट २०२० साली सुरू झाली, तेव्हापासून मुंबईकरांना पनवेलचा वळसा टळला. गाडी बोटीच्या पोटात लावायची आणि वर जाऊन चहा प्यायचा. तासाभरात मांडवा. पुढे अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा. फेब्रुवारीचा शेवट, आंब्याला मोहोर, दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या. मधेच एखादी वाडी विरळ दिसते. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ इथेच किनाऱ्यावर धडकलं. पोफळ पुन्हा लावली तरी सुपारी धरायला वर्षं जातात. ज्यांच्या घराचा खर्च त्या सुपारीवर होता त्यांनी मधली वर्षं कशी काढली असतील, हा विचार हेल्मेटच्या आत बराच वेळ फिरत राहिला.

एक सल्ला मैत्रिणींनो, पेट्रोल पंप दिसला की टाकी भरो न भरो, थांबून घ्यावं. पुढे सोय नाही. हे पुरुषांनी लिहिलेल्या प्रवासवर्णनात कधी वाचायला मिळत नाही.

रेवदंड्याहून कुंडलिका खाडीचा पूल ओलांडला की साळाव. खाडीच्या तोंडाशी कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेला दिसतो. पायथ्याच्या गावात काही घरांतून अजून पोर्तुगीजमधून घडलेली बोली बोलतात. तिथं जायचं होतं, पण संध्याकाळची बोट डोक्यात होती. आम्ही समुद्र सोडून डोंगराच्या आतल्या अंगाला, सुपेगावकडे निघालो.

आणि तिथंच पडलो.

उतार, वळण आणि त्यावर सांडलेली बारीक खडी. घाबरल्यावर माणूस जुन्या सवयीकडे पळतं. माझे हात स्कूटरचे, त्यांनी पुढचा ब्रेक करकचून आवळला. चाक सरकलं आणि गाडी हळूच, अगदी दमून बसावं तशी, आडवी झाली. वेग नव्हताच, म्हणून आम्हाला काही झालं नाही. कोपर खरचटलं, लेगगार्ड घासलं. नणंद कबूल केल्याप्रमाणे ओरडली. मी आधी कॉक बंद केला. मग दोघींनी गाडी उचलायला घेतली. दीडशे किलोच्या वरचं ते धूड इंचभर हललं आणि पुन्हा बसलं. त्या क्षणी मला सोमवारचं गिऱ्हाईक आठवलं आणि वाटलं, बरंच झालं, विकून टाकू एकदाची.

गवताचे भारे घेऊन दोन बायका वरून येत होत्या. त्यांनी भारे कडेला टाकले, एकीनं हँडल धरलं, दुसरी म्हणाली, "पाठ लावा, पाठ. हातांनी काय व्हतंय?" चौघींनी पाठ लावली आणि गाडी उभी राहिली. मी आभार मानत होते तेवढ्यात खालून एक बाई स्कूटरवर आली, पायाशी औषधांची पेटी, मागे बहुतेक आशाताई. आरोग्य केंद्रातली नर्स असावी. खडीवरून सावकाश, पाय न टेकता वर निघून गेली. "रोजची हाय ती," भारेवाली म्हणाली. माझा सकाळपासूनचा सगळा तोरा तिथं उतरला. आठव्या किकला गाडी सुरू झाली.

अभयारण्याच्या नाक्यावर नोंद केली, पैसे भरले, गाडी लावली आणि गावातला एक मुलगा वाट दाखवायला घेतला. इंजिन बंद झाल्यावर पाच मिनिटं कान वाजत होते. मग एकेक आवाज यायला लागला.

फणसाड ही जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची राखीव जागा. शिकारीसाठी राखली म्हणून झाडं वाचली, आणि १९८६ साली तिचं अभयारण्य झालं. मुरुडला पाणी देणारं नवाबाच्या काळातलं गारंबीचं धरणही याच डोंगरात आहे. (कादंबरीतल्या बापूची गारंबी ही नव्हे, ती दापोलीकडची.) गारंबी म्हणजे खरं तर एक अजस्र वेल. मुलानं दाखवली तेव्हा आधी वाटलं, झाडच पडलंय. माणसाच्या मांडीएवढं खोड पीळ घेत दुसऱ्या झाडांच्या अंगाखांद्यावरून पुढे गेलेलं. शेंग हातभर लांब, आतली बी तळहातात मावेल एवढी. माझ्या आजीच्या डब्यात एक होती, आम्ही ती गालाला लावून गार वाटतं का बघायचो.

इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. फणसाडगाण, चिखलगाण अशी नावं आहेत. उन्हाळ्यात सगळं रान त्याभोवती गोळा होतं. आम्ही एका गाणीजवळ डबे उघडले, पोळी आणि मेथीची भाजी. मुलानं एकदम हात वर केला. डोक्यावर फांदी हलली आणि तांबूस पाठीचं, झुपकेदार लांब शेपटीचं शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर गेलं. मधलं अंतर पाहून माझ्याच पोटात गोळा आला. आपला राज्यप्राणी, आणि मी तो पन्नाशीत पहिल्यांदा पाहिला. नणंद हळूच म्हणाली, "दादा असता तर फोटो काढत बसला असता." मी मोबाईल काढलाच नाही. घरी जाऊन तोंडानं सांगायचं ठरवलं.

येताना त्या उतारावर, आता चढावर, पहिला गिअर टाकला. उजव्या पायानं, न चुकता. बोट मिळाली.

रात्री हे बॅटरी घेऊन खाली गेले. पाठीला पट्टा बांधून, वाकता येत नाही तरी लेगगार्डवरचा ओरखडा बोटानं चाचपला. "कुठे?"

"सुपेगावच्या अलीकडे. पुढचा ब्रेक आवळला."

"हं," म्हणाले. मग वर येऊन जेवताना शेकरूबद्दल तीन वेळा विचारलं.

सोमवारी गिऱ्हाईक आलं. तरुण मुलगा, चांगला होता. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, किक मारली, बसली नाही. पुन्हा मारली. मग ह्यांना विचारलं, "काका, शेवटची किंमत काय?"

"हिला विचारा," हे म्हणाले.

मी त्या मुलाला चहा दिला आणि सांगितलं, गाडी विकायची नाही.