दोन शिक्क्यांमधला वेळ

मुंबई ते नागपूर अंतर किती? बँकेत असताना या प्रश्नाचे माझे उत्तर तयार असे: ८३७ किलोमीटर. प्रवासभत्त्याच्या बिलात रेल्वेचा तोच आकडा लिहायचा. जून २०२५मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, पण तो भिवंडीजवळच्या आमण्यापासून मोजलेला. आणि आकाशातून सरळ रेघ ओढली तर सातशेलाही थोडे कमीच.

वेळेचे तर विचारूच नका. वेळापत्रकात विमानाला दीड तासाच्या आसपास वेळ दाखवतात. विमान जागेवरून हलले की ही वेळ सुरू होते आणि पलीकडे जाऊन ते उभे राहिले की संपते. प्रत्यक्ष उड्डाण त्याहून कमी. बाकीचा वेळ धावपट्टीपाशी रांगेत जातो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींचा एकदम उपयोग होत नाही. डोंबिवलीच्या माणसाचा सांताक्रूझपर्यंतचा प्रवास मात्र कुठल्याच वेळापत्रकात नसतो.

माझे वडील नागपूरला डाकखात्यात सॉर्टर होते. जानेवारी १९४९मध्ये रात्रीची हवाई डाक सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर जमत. तिथे थैल्यांची अदलाबदल होई आणि उजाडेपर्यंत डाक चारही शहरांत पोचे. उतारूही असत, पण बाबांच्या लेखी ते थैल्यांसोबत आलेले पाहुणे! विमान किती वेगाने आले याचे त्यांना कौतुक नव्हते. पत्र हातात आले की ते उलटसुलट करून आधी दोन शिक्के बघत: टाकल्याचा आणि पोचल्याचा. त्यांच्या मते तोच खरा वेळ.

१९९४च्या पावसाळ्यात एका सकाळी थोरल्या भावाचा शाखेत फोन आला. बाबांचे काही खरे नव्हते. रात्रीच्या विदर्भ एक्स्प्रेसने निघालो असतो तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो असतो. दोन सहकाऱ्यांनी आपसांत पैसे जमवून हातात ठेवले आणि म्हणाले, "विमानाने जा." तोवर विमानात कधी पाऊल ठेवले नव्हते. सव्वादहाला शाखेतून निघालो. लोकल, बस, मग तिकिटासाठी खिडकीपाशी ताटकळणे, त्यात पाऊस. महालातल्या घराचा उंबरा ओलांडला तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. त्यातला विमानाचा वेळ दीड तासाचा.

बाबांनी डोळे उघडले.

"किती वाजता निघाला तू?"

"सव्वादहाला, बाबा."

"आता किती वाजले?"

"सहा."

त्यांनी बोटांच्या पेरांवर हिशेब केला. "पावणेआठ तास. बरा आला."

आईने चमच्याने चहा पाजला. नऊपर्यंत ते तुटक तुटक बोलत होते. माझ्या बदलीबद्दल, गच्चीच्या गळतीबद्दल. पहाटे साडेचारला गेले. माझी गाडी त्या वेळी अकोल्याच्या आसपास असती.

तेरावे झाल्यावर परत आलो ते रेल्वेनेच. अकोल्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून सुटेपर्यंत फलाटावर उभा राहिलो.