स्टिअरिंगचा डबा बदलण्यापूर्वी

सुरतेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींच्या दारात अद्यापही वडिलांच्या काळातील पद्मिनी उभी असलेली दिसते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापिलेल्या कारखान्याची ही गाडी. मूळची फियाट, 1974 पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून तिच्या टॅक्सीने 30 ऑक्टोबर 2023 रोजी निरोप घेतला. घरोघरच्या गाड्या मात्र मायेने जपल्या जात आहेत.

या गाडीचे स्टिअरिंग फार फिरवावे लागते, अशी तरुणांची तक्रार असते. सगरामपुऱ्याच्या गल्लीत गाडी वळविताना किंवा धुळ्याकडे जाताना कोंडाईबारीच्या घाटात ती खरीही वाटते. मग जलद गुणोत्तराचा दुसरा डबा बसविण्याची टूम निघते. वाचकहो, हे गुणोत्तर म्हणजे काय, ते आधी पाहू.

समजा, गुणोत्तर 16 आहे. स्टिअरिंग 16 अंश फिरविले, म्हणजे पुढची चाके 1 अंश वळतात. चाके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 70 अंश वळत असतील, तर 1120 अंश, म्हणजे तीनहून किंचित अधिक फेरे लागतात. गुणोत्तर 12 केले, तर 840 अंश, म्हणजे सव्वादोनच्या आसपास फेरे पुरतात. परंतु निसर्ग फुकट काही देत नाही. तेवढ्याच कामासाठी हाताचे बळ सुमारे एक-तृतीयांशाने अधिक लागते. ज्या गाडीत शक्तीचे साहाय्य नाही, तिच्यात उभी गाडी वळविताना सत्तरीतल्या वडिलांच्या खांद्यांना हे जाणवल्याखेरीज राहत नाही. उलट महामार्गावर हाताची जराशी हालचालही गाडीला अधिक वळविते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. परक्या डब्याचा हात उलट्या दिशेने फिरणारा असू शकतो; तसा डबा बसला, तर स्टिअरिंग उजवीकडे फिरविताच गाडी डावीकडे जाईल. हाताची लांबी आणि दांड्यांचे कोन जुळले नाहीत, तर खड्ड्यात चाक उतरताच गाडी आपोआप वळेल. पद्मिनीत गियरचा दांडाही बहुधा स्टिअरिंगच्या खांबावरच असतो, म्हणून खांबाचा कोन बदलणेही सोपे नाही.

कायदाही ध्यानी घ्यावा. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. 1989 च्या नियमांत स्टिअरिंगचा मोकळा खेळ 30 अंशांहून अधिक नसावा, असे बंधन आहे.

आमचे मत विचाराल, तर पुष्कळदा दोष गुणोत्तराचा नसतो, झिजेचा असतो. एकाने स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने बोनेट उघडून व चाकांपाशी बसून पाहावे. हालचाल कुठे हरवते, ते दिसते : डब्यात, टाय रॉडच्या टोकांत की किंगपिनमध्ये. झिजलेले भाग बदलावे, डब्यात योग्य वंगण भरावे, टायरांतील हवा व चाकांचे अलाइनमेंट तपासावे. एवढ्याने बहुतेक वेळा गाडी पुन्हा हाताच्या आज्ञेत येते. त्यानंतरही डबा बदलावासा वाटला, तर जाणकार कारागिराचा सल्ला आणि आर.टी.ओ.ची परवानगी, दोन्ही हाताशी असावीत. गाडीत आपण एकटे नसतो. मागच्या आसनावर आपली आई आणि मुले बसलेली असतात.