नाक आकाशाकडे, विमान पुढेच

जून १९८९, पॅरिसजवळच्या ल बूर्जेतलं विमान प्रदर्शन. सोव्हिएत वैमानिक व्हिक्टर पुगाचेव्ह यांनी सुखोई-२७ या लढाऊ विमानाचं नाक झटक्यात वर खेचलं, थेट काटकोनापलीकडे. तरी विमान वर चढलं नाही. पोट वाऱ्याला देत, जवळपास त्याच उंचीवर ते पुढे सरकत राहिलं. वेग धाडकन उतरला, मग नाक पुन्हा खाली आलं. हाच तो ‘कोब्रा’. पंखांची उचल जाते, अख्खं विमानच ब्रेक बनतं. मला खरं कौतुक वाटतं ते इंजिनांचं: इतक्या तिरप्या हवेतही ती धडधडत राहतात! नाशिकजवळ ओझरला बांधलेल्या सुखोई-३० एमकेआयची तर इंजिनांची मागची तोंडंही वळतात. लढाईत मात्र वेग गमावलेलं विमान शत्रूला सोपं सावज ठरतं.