हुनर झाकायचा की वाटायचा?

व्हेनिसजवळ मुरानो नावाचे बेट आहे. 1291 साली तिथल्या सरकारने आगीच्या भीतीने शहरातल्या काचेच्या भट्ट्या या बेटावर हलवल्या. पुढे कारागिरांना परवानगीशिवाय परदेशी जाण्याचीही बंदी झाली, कारण त्यांच्या हातातले गुपित हीच व्हेनिसची दौलत होती. खरे तर काच फुंकण्याची कला शाम-फलस्तीनच्या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. शाम आणि मिसरच्या कारागिरांनी मशिदींसाठी घडवलेले काचेचे दिवे आजही मोठ्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. त्यांतल्या अनेकांवर सूरह नूरची ती आयत आहे, जिच्यात काचेतल्या दिव्याची मिसाल आली आहे.

याच मुरानोत 1934 साली लीनो ताल्यापिएत्रा जन्मले. अकरा-बारा वर्षांच्या वयात ते आर्किमेदे सेगुसो या उस्तादांच्या भट्टीवर शागीर्द झाले आणि विशीतच ‘माएस्त्रो’, म्हणजे उस्ताद, म्हणवले गेले.

हे काम सबुरीचे आहे. लोखंडी नळीच्या टोकावर वितळलेली काच मधासारखी गुंडाळून घ्यायची, फुंकर घालायची आणि नळी सतत फिरवत राहायची. हात थांबला की काच ओघळलीच! भट्टी हजार अंशांहून अधिक तापलेली असते. आकार द्यायचा तो चिमट्यांनी, लाकडी साच्याने किंवा ओल्या कागदाच्या घडीने. तयार वस्तू एकदम उघड्यावर ठेवली तर तडकते, म्हणून ती दुसऱ्या भट्टीत तासन्‌तास हळूहळू थंड करतात. ‘रेतिचेल्लो’ प्रकारात उलटसुलट पिळाच्या रेघांची जाळी बनते आणि तिच्या प्रत्येक घरात हवेचा एकेक बारीक बुडबुडा अडकतो. अशी कामे एकट्याने होत नाहीत. उस्तादाच्या इशाऱ्यावर चार हात एकत्र चालावे लागतात.

1979 साली लीनो अमेरिकेतल्या पिलचक काचशाळेत शिकवायला गेले. तिथल्या तरुणांकडे उमेद होती, पण मुरानोची पिढीजात सफाई नव्हती. लीनोंनी ती मोकळ्या मनाने शिकवली. गावचे गुपित परक्यांना दिले म्हणून मुरानोत अनेकजण नाराज झाले. तरीही ते वर्षानुवर्षे जात राहिले.

यात त्यांचे नुकसान झाले का? उलट, कारखान्यासाठी माल घडवणारा हा कारागीर त्या मोकळ्या वातावरणात स्वतंत्र कलावंत झाला. लांब मानेचे ‘डायनासोर’ ही त्यांची गाजलेली मालिका. 2021 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, त्यांनी फुंकणी खाली ठेवली. त्यांचे शागीर्द आज अनेक देशांत काम करत आहेत.

आपल्याकडेही ‘खानदानाबाहेर जायचे नाही’ म्हणत किती नुस्खे, किती जरीकाम, किती हातांची सफाई कबरीत गेली! हुनर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, असे आम्ही मानतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात जे आहे, ते या सुट्टीत मुलामुलींना, आणि शेजारच्या मुलालाही, शिकू द्या.